जखमीचं सोंग

मी बोईसरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो तेव्हाची ही गोष्ट. दवाखाना स्टेशनजवळ, दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंट तपासायचे, मागच्या खोलीत मी औषधं कालवायचो. बाटलीत लाल मिक्श्चर भरायचं, कागदाची पट्टी कातरून तिला खाचा पाडायच्या, ती बाटलीवर चिकटवायची आणि कुठली खूण सकाळची, कुठली संध्याकाळची हे पेशंटला दोनदा समजावून द्यायचं. घर माझं बेटेगावला. भाताचं गाव. समुद्र सायकलवर जाण्याइतका जवळ, पण आमच्या घरात पोहता येणारा एकही माणूस नव्हता. पाण्याशी आमचा संबंध भाताच्या आवणीपुरता, रोपं लावताना गुडघाभर चिखलातला.

पाकिस्तानशी लढाई होऊन गेली होती. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं, त्यामुळे बोईसरच्या रस्त्याला ट्रक आणि परमुलखातली माणसं ही नवलाई उरली नव्हती. लष्कराच्या गाड्या चिंचणीकडे गेल्या तेव्हा कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. आम्हाला बातमी दिली ती मासे घेऊन येणाऱ्या मावशीने. ती चिंचणीच्या किनाऱ्यावरची. रोज सकाळी टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात यायची आणि गुडघ्याला लावायचं मलम न्यायला आठवड्यातून एकदा दवाखान्यात डोकावायची.

"डाक्तर, आमच्या सुरूच्या बागेत मिल्ट्री उतरलीय," ती म्हणाली. "तंबू ठोकलेत. पन माणसं काय तंबूत नसतात. सकाळपासून पाण्यातच. थंडी नाय, वारा नाय. आमचे बोटवाले बी बघत रातात."

"कशासाठी आलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"शर्यत हाय म्हनं त्यांची."

डॉक्टरांचा एक मित्र फौजेत होता, त्यामुळे त्यांना त्यातलं थोडं कळत होतं. त्यांनी मला सांगितलं, की ही साधी पलटण नसणार. खास कामगिरीसाठी काही माणसं निवडून वेगळी तयार करतात, काही सैन्यातली, काही नौदलातली. पूल उडवायचे, शत्रूच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरायचं, असली कामं. त्यांच्या तुकड्यांच्या आपसात चढाओढी लावतात, म्हणजे कोण कुठे कमी पडतो ते कळतं. मी मान हलवली आणि बाटल्या धुवायला गेलो. माझा त्यात काही संबंध येईल असं वाटण्याचं कारणच नव्हतं.

संबंध आला तो जुलाबामुळे. छावणीतल्या स्वयंपाक्याच्या मदतनिसाला आणि आणखी दोघा-तिघांना पोटाचा त्रास सुरू झाला. छावणीतला डॉक्टर एका जवानाला घेऊन मुंबईला गेला होता, म्हणून आमच्याकडे जीप आली. डॉक्टर मला बरोबर घेऊन निघाले. सुरूच्या झाडांत तंबूंची रांग होती. आत सगळं इतकं नीटनेटकं, की तसा आमचा दवाखानाही कधी नसायचा. डॉक्टरांनी आजाऱ्यांना तपासलं, गोळ्या दिल्या, पाणी उकळून प्यायला सांगितलं. मी औषधं मोजून देत असताना एक सुभेदार माझ्याकडे टक लावून बघत होते. सातारकडचे असावेत. भरघोस मिशा, आणि बोलणं आमच्यासारखं गुळमुळीत नाही, ठोक.

"कंपाउंडर, तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

सुभेदारांचा चेहरा एकदम खुलला. मला काही कळेना.

मग त्यांनी उलगडा केला. शेवटच्या दिवशीची चढाओढ जखमी आणण्याची होती. लाटांच्या पलीकडे नांगरलेल्या होडीतून एक जखमी माणूस उचलायचा, आपल्याच सामानाच्या पिशव्यांचा तराफा बांधून त्यावर त्याला निजवायचं आणि पोहत किनाऱ्याला आणायचं. जखमी तुकडीतला नको, बाहेरचा हवा. आणि तो पोहणारा तर मुळीच नको. पोहणाऱ्याला जरा पाणी लागलं की तो आपणहून हातपाय मारतो. खरा जखमी काही हातपाय मारत नाही. एका तुकडीसाठी त्यांनी स्वयंपाक्याचा मदतनीस ठरवला होता, तोच आता अंथरुणाला खिळला होता.

"दुसरा माणूस बघायला दोन दिवस किनाऱ्यावर फिरतोय," सुभेदार म्हणाले. "इथं पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत ज्याला त्याला पोहता येतं! न पोहणारा माणूस आणू कुठनं?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मला वाचवतील अशी आशा होती. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "जा रे. पडून तर राहायचंय. दवाखान्यात उभा असतोस दिवसभर."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीच. "तुमी? समुद्रात? तुमाला तर विहिरीत वाकून बघता येत नाय!"

"मला काही करायचं नाही. जखमीसारखं पडून राहायचं."

"आन् खरंच काही झालं म्हंजे?"

ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर यायला निघाली. नको म्हटलं तरी ऐकेना. सायकलवर पुढच्या दांडीवर बसून आली, माझी औषधांची पेटी मांडीवर घट्ट धरून.

किनाऱ्यावर सगळं चिंचणी-तारापूर लोटलं होतं. भरती चढत होती. मावशीने बायकोला आपल्या शेजारी उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसवून घेतलं. मला पाण्यात काय काय होतं याची थोडी कल्पना यावी म्हणून सुभेदारांनी आधीचा एक खेळ बघायला उभं केलं. माणसं बूट, पट्टे, पाठपिशव्या, बंदुका अशा सगळ्या जामानिम्यासकट पाण्यात उतरत होती. मग एक मुद्दाम उलटवलेली होडी चौघांनी मिळून सरळ करायची. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल, कबड्डीत असतो तसा. पण पाण्यातून आवाजच येत नव्हता. एकाने हात वर केला की दुसरा दोर फेकायचा, तिसऱ्याने काही न सांगता आपलं वजन होडीच्या कडेवर टाकलेलं असायचं. होडी पाण्यातून अशी वर उलटायची, जशी झोपलेली म्हैस उठते. किनाऱ्यावरचे बोटवाले, ज्यांचा जन्म होड्यांत गेला, तेही उठून उभे राहून बघत होते. त्यातला एक म्हातारा नुसता "आरं बाबा" एवढंच म्हणत होता, पुन्हा पुन्हा.

माझ्या कपाळाला सुभेदारांनी पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली. म्हणाले, "ही कोरडी आली पाहिजे. नुसतं लवकर येऊन भागत नाही. जखमीचं तोंड पाण्याखाली गेलं तर तो मेलाच की." माझं वजन इतर तिघा जखमींपेक्षा कमी भरलं, म्हणून पोटावर वाळूची पिशवी बांधली. मग एका मासेमारी होडीतून आम्हा चौघांना लाटांच्या पलीकडे नेलं.

तिथून किनारा पाहिला. सुरूची झाडं गवताच्या पात्यांएवढी दिसत होती. माणसं तर दिसतच नव्हती, नुसती रंगांची एक रेघ. माझ्या बाजूचा जखमी छावणीतला कारकून होता. तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मीही पुटपुटलो असतो, पण काय पुटपुटायचं तेच सुचेना.

चारी तुकड्या पोहत आल्या. माझ्या तुकडीत चार जण. त्यांनी पाण्यातच तरंगत आपल्या पिशव्या ताडपत्रीत गुंडाळल्या, दोन बांबूंना आवळल्या, गाठी मारल्या. मी गाठी मारणाऱ्या हातांकडे बघत होतो. हात पाण्याखाली, डोळे दुसरीकडेच, आणि गाठ पडलेली. एकाने मला होडीतून उचललं. अलगद, जसं आजारी मूल उचलतात. तराफ्यावर उताणा निजवला, छातीवरून एक पट्टा घेतला. पाणी माझ्या कानाच्या खाली एक वीत असेल. पाठीखालचं सगळं हलत होतं. मला आकाश तेवढं दिसत होतं.

एक जण पुढे, छातीला दोर बांधून ओढणारा. दोघं बाजूला. चौथा माझ्या डोक्याशी, मागून ढकलणारा. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू यायचा. तो गढवालचा होता, हे मला नंतर कळलं. लष्करात भरती होईपर्यंत त्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

"भाईसाहब," तो हिंदीत म्हणाला, "बोलते रहो."

"काय बोलू?"

"कुछ भी."

मला वाटलं, माझी भीती जावी म्हणून सांगतोय. मी आधी औषधांची नावं सांगितली. मग घर, शेत, आवणी. हिंदी संपली तेव्हा मराठीत सुरू केलं, तरी तो "हाँ, हाँ" करत होता. मग मी आमच्या बांड्या बैलाची गोष्ट काढली. तो एकदा पावसात ओढ्याच्या पलीकडे अडकला होता. माझे वडील अलीकडून त्याला हाका मारत होते आणि तो पाण्यात पाय घालेना. ही गोष्ट सांगता सांगता एका लाटेचा सपका हनुवटीवर बसला, माझ्या नाकात खारं पाणी गेलं, मी ठसकलो आणि गप्प झालो.

त्याच क्षणी चौघं थांबले. कोणी कोणाला सांगितलं नाही. पुढचा वळला, बाजूचे दोघं माझ्या तोंडाशी आले, एकाने गालाला हात लावला.

"ठीक हूँ," मी म्हणालो.

"बोलते रहो," मागचा म्हणाला. आणि तराफा पुन्हा चालू लागला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोहताना त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. जखमी जिवंत आहे की नाही, हे त्यांना माझ्या आवाजावरून कळत होतं. मी बडबडत होतो आणि ती चार माणसं, छाती फुटेल इतकी ताकद लावत असताना, माझा एकेक शब्द ऐकत होती. माझं इतकं लक्ष देऊन आजपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगतो, भीती गेली.

लाटा फुटायच्या पट्ट्यात आलो तेव्हा पुढच्याने एकच शब्द उच्चारला आणि तराफा लाटेच्या रोखाने सरळ झाला. लाट अंगाखालून गेली. मी उचलला गेलो, खाली आलो. पुन्हा एक शब्द, पुन्हा लाट. आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. मान जरा वळवली की पुढच्या तुकडीचा तराफा दिसत होता, आमच्यापासून फार लांब नाही.

तेवढ्यात हिसका बसला. तराफा जागच्या जागी उभा राहिला. पुढच्याचा दोर पाण्याखाली कशात तरी गुंतला होता. मच्छीमार जाळी बांधायला समुद्रात लाकडाचे खुंट पुरतात, त्यातला एक तुटका खुंट असणार, वरून न दिसणारा. आता मागून येणारी प्रत्येक लाट तराफ्यावर चढायला बघत होती. बाजूच्या दोघांनी आपली अंगं मध्ये घातली. लाट त्यांच्या डोक्यांवर फुटायची आणि माझ्या खांद्यांवर नुसते शिंतोडे यायचे. पुढचा माणूस पाण्याखाली गेला.

तो वर येईना.

आमच्या बाजूने तिसरी तुकडी गेली. मग चौथी. कारकून माझ्या जवळून गेला, त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, हे मला किनाऱ्यावरच कोणीतरी सांगितलं होतं. मी बोलायचं विसरलो.

"बोलो," मागून आवाज आला. अगदी शांत. "बैल का क्या हुआ?"

माझा विश्वास बसेना. त्याचा साथीदार पाण्याखाली होता आणि तो मला बैलाचं विचारत होता.

"वो... वो नहीं आया," मी म्हणालो. "बाप पाण्यात उतरला. बापाला पोहता येत नव्हतं."

"फिर?"

बाजूच्यांपैकी एकाने श्वास घेतला आणि तोही खाली गेला. त्याच्या जागी गढवाल्याने एक हात लांबवला, म्हणजे मागून ढकलणं आणि बाजूने अडवणं हे दोन्ही आता तो एकटा करत होता. त्याचा श्वास मोठा झाला होता, पण त्याची लय ढळली नव्हती. मी बोलत राहिलो. वडील छातीइतक्या पाण्यात पोचले, बैलाची वेसण धरली, बैलाने त्यांना ओढलं की त्यांनी बैलाला, हे घरात आजही कोणाला ठाऊक नाही. मी बोलत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते समुद्राचं नव्हतं.

दोर सैल पडला. दोन डोकी वर आली. पुढच्याने तोंडाने हवा ओढली, एकदा खोकला, दोर पुन्हा छातीला घेतला आणि हात मारायला लागला. त्याच्या उजव्या हाताच्या मागे पाणी तांबूस होत होतं.

आम्ही शेवटचे पोचलो. किनाऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही मला आठवत नाही. तराफा वाळूला लागला, चौघांनी तो उचलून कोरड्यात ठेवला आणि ताठ उभे राहिले. पुढच्याच्या तळहातातून रक्त टपकत होतं. खुंटावर कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, त्यांची कड पात्यासारखी असते. तळहात आडवा चिरला होता. मी पाहिलं आणि माझ्यातला कंपाउंडर जागा झाला. पट्टा सोडवून मी उठून बसलो.

"झोपा!" सुभेदार गरजले. "तुम्ही जखमी आहात!"

मी पुन्हा आडवा झालो. शेजारच्या उलट्या होडीमागून मावशीचं हसणं ऐकू आलं. सुभेदारांनी माझ्या कपाळाची पट्टी सोडली, दोन बोटांत चुरगाळून बघितली, कोरडी होती. पंच म्हणून आलेल्या साहेबाला त्यांनी ती दाखवली. साहेबाने काहीतरी लिहून घेतलं, माझ्या खांद्याला हात लावला आणि इंग्रजीत आभार मानले. तेव्हा कुठे मला उठता आलं.

मी पहिल्यांदा त्या हाताकडे धावलो. पेटी बायकोने सांभाळून ठेवली होती. मी जखम धुतली, टिंक्चर लावलं. कसलाही माणूस टिंक्चर लागलं की निदान दात तरी आवळतो. हा माझ्या हातांकडे बघत होता, जसा मी त्याच्या गाठींकडे बघत होतो. चढाओढ बघायला आलेल्या आमच्या डॉक्टरांनी टाके घातले. बायको पाण्याचं भांडं धरून उभी होती. तिने त्याला विचारलं, "दुखतंय का, दादा?" त्याला मराठी कळली नसावी, पण तो हसला आणि नाही म्हणून मान हलवली.

निकाल लागला. पट्टी कोरडी आली म्हणून गुण मिळाले, तरी उशीर इतका होता, की माझी तुकडी शेवटीच राहिली. जिंकली ती नौदलाची. आमच्या चौघांनी जाऊन त्यांच्याशी हात मिळवले. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, लाज शोधली. दोन्ही नव्हतं. नुसता विचार चाललेला दिसत होता.

निघताना गढवाली माझ्याजवळ आला. तेव्हा मी त्याचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. वय माझ्याएवढंच, ओठ मिठाने फुटलेले.

"भाईसाहब, बैल आया?"

"आया," मी म्हणालो. "दोनों आये."

तो मनापासून हसला. मग म्हणाला, की त्याच्या गावी नदी इतकी वेगाची आहे, की तिथे माणूस पोहायला शिकूच शकत नाही, नुसता वाहून जायला शिकतो. पोहणं त्याला इथे फौजेत आल्यावर शिकवलं. पहिल्या दिवशी तो ओरडला होता. हे त्याने असं सांगितलं, जसं काही शेजारच्या कोणाचं सांगतोय.

परत येताना बायको सायकलवर बसली नाही. बराच वेळ आम्ही चालतच होतो. मग ती म्हणाली, "मागं होता ना तो, तो निघताना तुमच्याशी काय बोलत होता वो?"

"बैलाचं विचारत होता."

"कोनचा बैल?"

"आपला. बांड्या."

ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आवरेना. वाटेत एका बांधावर बसून आम्ही दोघं हसलो. हसता हसता तिने माझा हात घट्ट धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. रस्त्यात माणसं होती, तरी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला छावणीत पाठवलं, टाके आणि पोटाचे आजारी बघून यायला. सामान बांधणं चाललं होतं, दुपारी गाड्या निघणार होत्या. तंबूंत माझे चौघं नव्हते. सुभेदारांनी नुसती समुद्राकडे मान केली.

ओहोटी होती. पाणी बरंच मागे गेलं होतं आणि तो तुटका खुंट आता वीतभर वर दिसत होता, काळा, कालवांनी भरलेला. चौघं तिथेच होते. तराफ्यावर माझ्या जागी वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. दोर आज दुसऱ्याच्या छातीला होता. हात चिरलेला माणूस छातीइतक्या पाण्यात उभा होता, पट्टी बांधलेला हात डोक्यावर धरून, आणि दुसऱ्या हाताने खुंटाजवळचं पाणी दाखवत काहीतरी समजावत होता. ते तराफा लांब न्यायचे, घेऊन यायचे, मुद्दाम दोर खुंटात गुंतवायचे. एक जण खाली जायचा, दोर सुटायचा. पुन्हा लांब न्यायचे. चढाओढ संपलेली होती. बक्षीस दिलेलं होतं. बघायला कोणी नव्हतं. मावशी मासे सुकत घालत होती, तिने एकदा डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं आणि पुन्हा बोंबील पसरायला लागली.

मला दवाखान्यात वेळेवर पोचायचं होतं. पेशंट ताटकळत असणार, डॉक्टर रागावणार, हे दिसत होतं. तरी मी सायकलला हात लावून तिथेच उभा राहिलो. दर खेपेला दोर आधीपेक्षा लवकर सुटत होता. शेवटी एकदा तर तो गुंतला हे मला कळलंसुद्धा नाही. तराफा जरासा अडखळला आणि पुढे निघाला. चौघं थांबले. हात चिरलेल्याने पुन्हा समुद्राकडे बोट केलं, आणि ते पुन्हा आत गेले.